माल्टाचं मत

८ ऑक्टोबर २०१८, कायझर्सलाउटर्न

आमच्या संचालक फ्राऊ डॉ. राइनहार्टनी आज बोलावलं आणि मी आत गेल्यावर उठून दार लावलं. आमच्या अकादमीत दार लावायची पद्धत नाही, त्यामुळे मी खुर्चीत जरा सावरूनच बसलो.

वाल्डहोफ अकादमी म्हणजे गावाबाहेर जंगलाच्या कडेला असलेली एक जुनी इमारत. आसपासच्या विद्यापीठांतली मुलं इथे येतात आणि सरकारं कशी चालतात ते खेळातून शिकतात. या खेळाला इथे प्लानश्पील म्हणतात. कुणी मंत्री होतं, कुणी देश होतं, भांडतात, मतदान करतात. अर्थशास्त्राचा सगळा भाग सहा वर्षं मीच बघतोय. करार दर वेळी एक-दोन वर्षांचा. आत्ताचा मार्चअखेर संपतोय.

तर बाई म्हणाल्या, फ्रँकफुर्टची एक संस्था तीन वर्षांच्या नव्या कार्यक्रमाला पैसे देऊ इच्छिते. विषय: युरोपियन युनियनच्या सामायिक बजेटसाठी पैसा कुठून आणायचा. ब्रिटन बाहेर पडलं की मोठं भगदाड पडणार आहे. सध्या बहुतेक पैसा प्रत्येक देश आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरतो आणि भरताना दरवेळी कुरकुरतो की आम्ही इतके दिले, आम्हाला परत काय मिळालं. त्याऐवजी थेट एखादा कर लावता येईल का? सत्तावीस विद्यार्थी, सत्तावीस देश, तीन शनिवार. नियम मात्र खराच ठेवायचा, म्हणजे सगळ्यांचं एकमत हवं. एक देश नाही म्हणाला की संपलं.

"शेवटच्या शनिवारी संस्थेचे लोक बघायला येतील," बाई म्हणाल्या. "तेव्हा काहीतरी ठरलेलं दिसलं तर बरं. आणि हो, हा कार्यक्रम मिळाला तर तुमचा करारही तीन वर्षांचा करता येईल."

मी म्हटलं, आनंदाने.

घरी आल्यावर क्षमाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "छानच की," म्हणाली. मग म्हणाली, ड्रेस्डेनच्या त्या चिप कारखान्याकडून मेल आलाय, दुसरी मुलाखत घेणार म्हणतात. मी म्हटलं बघू. ड्रेस्डेन म्हणजे देशाचं दुसरं टोक.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. क्षमाने खीर केली. दुपारी बाबांचा फोन आला औरंगाबादहून. नव्या कामाचं सांगितल्यावर एकदम खूश झाले. "अरे, बाबासाहेबांनी लंडन-न्यूयॉर्कला जाऊन याच गोष्टीवर डोकं घातलं होतं! केंद्राने किती घ्यायचं, प्रांतांनी किती घ्यायचं. तू आता तेच करतोयस." मी म्हटलं, बाबा, मी मुलांचा खेळ घेतोय. ते म्हणाले तेच ते.

"सूनबाईंचं काय चाललंय?" असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं मजेत. क्षमा फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि बराच वेळ बोलत राहिली. "हो बाबा, तुम्ही म्हणताय तर करतेच," एवढं एकदा ऐकू आलं. खिरीची कृती विचारत असतील. आई गेल्यापासून ते स्वतः रांधतात.

२० ऑक्टोबर

पहिला शनिवार. चिठ्ठ्या टाकून देश वाटले. लुकास नावाच्या उंच मुलाला जर्मनी हवा होता, त्याला पोलंड आला. माल्टाची चिठ्ठी क्रांती शेजवळ या मुलीला आली. ती परभणीची, इथल्या टेक्निकल विद्यापीठात मटेरियल सायन्स शिकते. माल्टा म्हटल्यावर सगळे हसले. तीही हसली. मग फोनवर नकाशा उघडून बोटांनी मोठा करत बसली.

मी एकेक पर्याय मांडला. रीसायकल न होणाऱ्या प्लास्टिकवर किलोमागे आकार. यातली गंमत अशी की लोक शहाणे झाले की उत्पन्न आटतं. कंपन्या कार्बन सोडायचे परवाने विकत घेतात, त्यातला वाटा. यावर लुकास लगेच उठला, "पोलंड कोळशावर चालतं, म्हणजे सगळं आमच्याच खिशातून!" चांगला शिरला होता भूमिकेत. कंपन्यांच्या नफ्यावर सामायिक कर म्हटलं की आयर्लंड नाही म्हणतं. शेअरबाजारातल्या व्यवहारांवर म्हटलं की लक्झेंबर्ग. प्रत्येक कर कुणाच्या तरी अंगणातून जातो.

दुपारी फिनलंडने सुचवलं, विमानाच्या प्रत्येक तिकिटावर थोडा कर. एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. उडणारे लोक सुस्थितीतले, हवाही स्वच्छ राहील, आणि कुठल्या एका देशाचं नाव त्यात येत नाही. मलाही वाटलं, सुटलं.

क्रांतीने हात वर केला. "माल्टाहून विमानाशिवाय जायचं कसं?"

"बोटीने!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

फ्राऊ राइनहार्ट दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना अंगठा वर करून गेल्या.

२५ ऑक्टोबर

आज अन्वीला शाळेनंतरच्या पाळणाघरातून, होर्टमधून, मी आणायचं होतं, ते साफ विसरलो. होर्टच्या बाईंचा फोन आला तेव्हा प्लास्टिकचे आकडे बघत होतो. पोचलो तर बाकी सगळी मुलं गेलेली, अन्वी कोट घालून बाकावर. क्षमाचा फोन बंद. रागावलोच मी. गाडीत अन्वीला म्हटलं, आई कुठे आहे ते तरी सांगायचं ना मला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा हाट्स दीर गेझाक्ट." आईने तुला सांगितलं होतं.

क्षमाची मुलाखत होती म्हणे. खोली बंद करून बसली होती. "कशी झाली?" म्हटलं. "बरी झाली," म्हणाली. दमलेली दिसली, म्हणून अधिक विचारलं नाही. एवढी तयारी करते आणि मग मन खट्टू होतं तिचं. पुण्यात चिप तपासणीचं काम करायची, त्याला आता सहा वर्षं झाली. इथे शेजारच्या मुलांना गणित शिकवते, ते तिला आवडतंही. तिला हे गाव मानवलंय. मलाच कधीकधी नोव्हेंबरात जरा जड जातं, पण ते सगळ्यांनाच जातं.

१७ नोव्हेंबर

दुसरा शनिवार, आणि मी समजत होतो तसं काही झालं नाही.

सकाळी विमान-तिकिटाच्या कराला जवळजवळ सगळे तयार होते. कार्बन बाजूला पडला म्हणून पोलंड खूश, कंपन्यांचा कर पडला म्हणून आयर्लंड खूश. क्रांती उठली आणि म्हणाली, माल्टाचा विरोध आहे.

महिनाभर तिने अभ्यास केला होता. तिच्या वसतिगृहात एक माल्टाची मुलगी राहते, तिच्याशी बोलून आली होती. "हंगेरीच्या माणसाला परदेशी जायचं तर रेल्वे आहे, बस आहे, स्वतःची गाडी आहे. त्याला उडणं ही चैन आहे. माल्टाच्या माणसाला मोठ्या ऑपरेशनसाठी जायचं तरी विमान, शिकायला जायचं तरी विमान. तुम्ही म्हणता हा श्रीमंतांवरचा कर. आमच्याकडे तो पत्त्यावरचा कर आहे."

तिची जर्मन अजून अडखळते, पण कुणी हसलं नाही.

मी सुचवलं, जमिनीने न जोडलेल्या बेटांना सूट देऊ या. झालं! सायप्रसचा हात वर. आयर्लंडचा वर. ग्रीस म्हणालं आमची बेटं मोजा. स्पेनला कॅनरी आठवली. शेवटी फिनलंड, ज्याने हा कर सुचवला तेच, म्हणालं की आमच्याकडून कुठे जायचं तर समुद्र ओलांडावाच लागतो, तेव्हा आम्हीही बेटासारखेच. संध्याकाळपर्यंत सूट मागणारे इतके झाले की कर भरायला जर्मनी आणि शेजारचे दोन-चार उरले. मी सूट मागे घेतली.

चहाच्या वेळी लुकास तिला म्हणाला, तुमच्या देशातही राज्यं आहेत, ती कशी मानतात? तिने जीएसटीचं सांगितलं. राज्यांनी आपापले कर सोडले, केंद्राने पाच वर्षं नुकसान भरून द्यायचं कबूल केलं. "आणि एखादं राज्य नाही म्हणालं तर?" "तिथे तीन चतुर्थांश मतं लागतात. एकटं राज्य अडवू शकत नाही." मग म्हणाली, "इथे एकटा देश अडवू शकतो. नियम तुमचाच आहे. मग मी का नाही वापरायचा?"

लुकास मोठ्यांदा हसला. मला काही हसू आलं नाही.

२१ नोव्हेंबर

"माल्टाचा प्रश्न आहे," फ्राऊ राइनहार्ट म्हणाल्या. दार पुन्हा लावलं होतं. "तुमची भाषा एकच आहे ना? बोला की तिच्याशी." मी म्हटलं, बोलतो.

स्टेशनजवळच्या कॅफेत भेटलो. मी आधी घरचं विचारलं, परभणीचं, जेवणाचं. मग सांगितलं की अशा मतदानात तटस्थ राहायची सोय असते. तटस्थ राहिलं की विरोधही होत नाही आणि एकमतही मोडत नाही. खऱ्या नियमातसुद्धा असंच आहे. माल्टाने हात वर केला नाही, बस. कुणाचं काही बिघडत नाही.

"बिघडत नाही कसं, सर? कर तर लागणारच."

"अगं, हा खेळ आहे."

"हो, पण तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात, खेळ आहे असं समजून खेळू नका."

म्हणालो होतो खरा. मग मी जे सांगायला नको होतं ते सांगून बसलो. संस्थेचे लोक येणार आहेत, माझा करार त्यावर आहे, घरी मुलगी आहे. मराठीत बोलत होतो म्हणून असेल, आवाज एकदम घरातला झाला. ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मी माल्टा म्हणून ऐकू का क्रांती म्हणून, सर?"

"दोन्ही."

"विचार करते."

निघताना तिने माझ्या कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत मला. मीच बोलावलं होतं, तरी. संस्कार आहेत मुलीवर. मला वाटतं ती तटस्थ राहील.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी फोटोसमोर मेणबत्ती लावली, अन्वीने त्रिसरण म्हटलं. ते तेवढं ती न चुकता म्हणते. जेवून ती झोपायला गेल्यावर क्षमा म्हणाली, "मी ड्रेस्डेनला होकार कळवलाय. एक मार्चपासून."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "कशाला होकार?"

"नोकरीला, केतन."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं. मेल आला तेव्हा विचारलं, मुलाखतीआधी विचारलं, पत्र आलं तेव्हा तुझ्यासमोर ठेवलं. तू म्हणालास बघू."

"बघू म्हणजे... बघू म्हणजे नाहीच असतं ना आपल्यात."

"तुझ्यात असेल. मी समजले, तुझी ना नाही."

मग मी बरंच बोललो. ड्रेस्डेनला दर सोमवारी आपल्यासारख्यांच्या विरोधात मोर्चे निघतात. उन्हाळ्यात शेजारच्या केमनिट्झमध्ये परदेशी दिसणाऱ्यांच्या मागे जमाव कसे धावले ते सगळ्या जगाने पाहिलं. अन्वीला घेऊन तिथे राहायचं? ती म्हणाली, मलाही माहीत आहे. तिथल्या टीममधल्या एका तमिळ बाईशी ती तासभर बोललीय, कुठे राहावं, सोमवारी संध्याकाळी कुठल्या बाजूला जाऊ नये, सगळं विचारलंय. "भीती वाटते मला. पण इथे मी घाबरत नाही, तर नुसती बसलेली आहे."

"तुला शिकवण्या आवडतात ना?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलून आत गेली.

बाबांना माहीत होतं म्हणे. त्या खिरीच्या दिवशीच्या फोनपासून. त्यांनीच जोर केला.

९ डिसेंबर

घरात सगळे नीट वागतायत. हे जास्त त्रासदायक आहे.

आठवड्याने शेवटचा शनिवार. हा कार्यक्रम मिळाला तर तीन वर्षांचा करार, म्हणजे क्षमालाही फेरविचार करता येईल. हे तिला अजून बोललो नाही. आधी हातात येऊ दे.

१५ डिसेंबर

संस्थेचे दोघे आले होते, एक चष्म्यातले वयस्क गृहस्थ आणि एक तरुण बाई. पुढच्या रांगेत बसले. प्रस्ताव वाचला: प्रत्येक विमान-तिकिटावर ठराविक कर, दूरच्या प्रवासाला थोडा जास्त, जमा होणारा सगळा पैसा सामायिक बजेटात, तेवढ्याने प्रत्येक देशाची वर्गणी कमी. फ्राऊ राइनहार्टनी स्वतः एकेका देशाचं नाव पुकारलं. बेल्जियम, हो. बल्गेरिया, हो. डेन्मार्क, जर्मनी, हो, हो. सायप्रसनेही हो म्हटलं, आयर्लंडनेही. लक्झेंबर्ग, हो.

"माल्टा?"

क्रांती उभी राहिली. बाकी कुणी उभं राहिलं नव्हतं.

"नाईन," ती म्हणाली. "या स्वरूपात नाही."

फ्राऊ राइनहार्टनी पुढचं नाव पुकारलं. उरलेले सगळे हो म्हणाले. सव्वीस हो, एक नाही. प्रस्ताव पडला. नियमाप्रमाणे बजेट पुन्हा जुन्याच पद्धतीने, जो तो आपल्या उत्पन्नाप्रमाणे भरेल आणि कुरकुर करेल.

मी तिच्याकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. एवढं मी तिच्याशी बोललो, घरचं सांगितलं, आणि तिला साधं हात खाली ठेवणं जमलं नाही.

कोट घालताना लुकास जवळ आला. हळूच म्हणाला, "एक सांगू? ती हो म्हणाली असती तर मला अडचण झाली असती. आपली स्वस्तातली विमानं बंद पडली तर पोलंडमधले लोक कामाला जाणार कसे, हे मी काढून आणलं होतं. सायप्रसही नाही म्हणणार होता. पण ती म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"तिने नाही म्हटल्यावर आमचं हो फुकटच होतं की," तो म्हणाला. "हो म्हटलं की माणूस चांगला दिसतो."

क्रांती खुर्च्या रचत होती. एकटीच. मी मदत करायला हवी होती, पण पाहुण्यांना सोडायला जावं लागलं.

१८ डिसेंबर

प्रोटोकोल, म्हणजे मतदानाचा अधिकृत अहवाल, मी लिहायचा असतो, त्यावर सहीही माझी. तो वाचून संस्था जानेवारीत निर्णय घेणार.

फ्राऊ राइनहार्टनी या वेळी दार लावलं नाही, उलट मलाच खिडकीशी घेऊन गेल्या. बर्फ बघत म्हणाल्या, "ती काय म्हणाली ते आठवतंय? या स्वरूपात नाही. म्हणजे तत्त्वतः विरोध नाही. तत्त्वतः विरोध नाही म्हणजे तटस्थ. बरोबर ना?"

"पण ती नाही म्हणाली."

"हेर ओव्हाळ, हा खेळ आहे. त्या पाहुण्यांनाही शेवट गोड हवाय, त्यांना वरती दाखवायचंय. एका शब्दाचा प्रश्न आहे." त्या वाईट बाई नाहीत. अकादमीचं छप्पर दोन ठिकाणी गळतंय आणि सात माणसांचे पगार त्यांना जमवायचे असतात.

मी म्हटलं, बघतो.

घरी येऊन लिहायला बसलो. "माल्टा: तटस्थ." लिहिलं. वाचलं. दिसायला काहीच वाईट दिसत नव्हतं. पाठवणार होतो, पण वाटलं क्रांतीला सांगावं तरी. तिने उद्या कुठे वाचलं तर तोंड काय दाखवू. फोन केला. सगळं सांगितलं, न लपवता.

ती म्हणाली, "सर, तुम्ही मला विचारताय ना?"

सांगायलाच केला होता फोन. पण तोंडातून गेलं, "हो, विचारतोय."

"मी नाही म्हटलं तर काय लिहाल?"

"नाही लिहीन."

"मग नाही, सर." आणि लगेच, "सॉरी सर. तुमचं घरचं मला कळतंय. त्या दिवशी कॅफेतून आल्यावर मी झोपले नाही नीट. तटस्थच राहणार होते. पण ती माल्टाची मुलगी शनिवारी सकाळी मला डबा करून घेऊन आली, माझ्यासाठी म्हणून. तिला वाटलं कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या देशाबद्दल एवढं विचारतंय. मग मला जमेना."

"सॉरी काय त्यात," मी म्हटलं.

"सव्वीस हो, विरोधात एक, माल्टा" असं लिहून पाठवलं. खाली तिचं कारणही दिलं, तिने मांडलं तसं. क्षमा दारात उभी होती. किती वेळ ते माहीत नाही. "कोण रे ती मुलगी?" असं विचारेल वाटलं, पण म्हणाली, "चहा टाकू?"

१४ जानेवारी २०१९

संस्थेने दुसऱ्या अकादमीची निवड केली. प्रोटोकोलमुळे नाही, असं फ्राऊ राइनहार्ट म्हणाल्या. असेलही. हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमच्याबद्दल उत्तम पत्र देईन. करार एकतीस मार्चला संपेल.

क्षमाला सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. क्रांतीला कळवणार नाही. तिचा काही संबंध नाही.

२ फेब्रुवारी

आता तिघांनीही ड्रेस्डेनला जायचं ठरलंय, म्हणून सकाळी सामान हलवायचे खोके आणले. अन्वीने ते बघितले आणि कशाचे आहेत विचारलं. क्षमा माझ्याकडे बघायला लागली, मी क्षमाकडे. मला वाटत होतं क्षमाने तिला सांगितलंय. क्षमाला वाटत होतं मी सांगितलंय.

आठ वर्षांची पोरगी, पण आवाज काय लावला! मला कुणीच विचारलं नाही, मी येणार नाही, माझी शाळा आहे, मैत्रीण योहाना आहे, सगळं जर्मनमध्ये, आणि खोलीचं दार आपटलं. क्षमा म्हणाली, समजावू या. मी उठलो आणि दाराबाहेर जमिनीवर बसलो. समजावलं नाही. म्हटलं, तुला काय हवंय ते सांग, आम्ही दोघं ऐकतो. क्षमाही येऊन बसली. खूप वेळाने दार उघडलं.

शेवटी ठरलं ते असं. तिसरी पूर्ण होईपर्यंत अन्वी इथेच. क्षमा एकटी पुढे जाणार, दर पंधरा दिवसांनी येणार. मी एप्रिलपासून घरीच आहे, तेव्हा मी आणि अन्वी इथे. योहानाला उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रेस्डेनला महिनाभर बोलवायचं. महिनाभर फार होतो, दोन आठवडे, असं क्षमा म्हणाली. तीन, असं अन्वी म्हणाली. तीन ठरलं.

यात कुणालाच हवं ते पूर्ण मिळालं नाही.

२७ फेब्रुवारी

क्षमाला सोडायला स्टेशनवर गेलो. फ्रँकफुर्टला गाडी बदलून पुढे ड्रेस्डेन. गाडीला उशीर, पाटीवर मिनिटं वाढतच चालली. थंडी होती. अन्वी प्लॅटफॉर्मच्या मशीनमधून चॉकलेट काढायला गेली.

क्षमा बॅगेवर बसली आणि म्हणाली, "जूननंतर तू खरंच येणारेस ना? का मी म्हणते म्हणून?"

"येणार."

"तुला काय हवंय, केतन? मला नाही, अन्वीला नाही. तुला."

समोरच्या रुळांकडे बघत होतो. काहीतरी बरं बोलायचं होतं. तिकडेही काम मिळेल वगैरे. पण म्हटलं, "मला या गावात राहायचं नाहीये."

"म्हणजे, आता नोकरी गेली म्हणून?"

"नाही. आधीपासून."

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

ती बॅगेवरून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सहा वर्षं?"

"मला वाटलं तुम्हां दोघींना आवडतं."

"मला वाटलं तुला आवडतं! मी तुझ्यासाठी थांबले होते इथे, केतन. पहिल्याच वर्षी म्युनिकहून बोलावणं आलं होतं. मी तुला बोललेसुद्धा नाही, म्हटलं याचं जमलंय इथे, कशाला हलवा."

मला म्युनिकचं माहीत नव्हतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, आणि मधेच चिडून तिने माझ्या दंडावर एक चापटी मारली, जोरात. मी तिचा हात धरून ठेवला.

अन्वी चॉकलेट खात परत आली. आम्हाला बघून जरा थांबली. काय झालं, म्हणाली. क्षमा म्हणाली, "काही नाही गं. बाबाला हे गाव आवडत नाही."

"मीर शोन," अन्वी म्हणाली. मला तर आवडतं.

गाडी आली. मी बॅग वर चढवली. दारातून क्षमा खाली वाकून म्हणाली, पोचल्यावर फोन करते, मग हे सगळं नीट बोलायचंय, पहिल्यापासून. मी म्हटलं, हो, बोलायचंय. दार बंद झालं.

गाडी गेल्यावर अन्वीने उरलेलं चॉकलेट मला दिलं. आम्ही बसची वाट बघितली नाही, चालतच निघालो. वाटेत ती मला तिला आवडणाऱ्या जागा दाखवत होती, बेकरी, ग्रंथालय, घसरगुंडी असलेला चौक. सहा वर्षं मी त्यांच्या बाजूने गेलोय. आज पहिल्यांदा थांबून बघितल्या.